विरळ हवेत रेस कार कशी सेट करतात: मेक्सिको सिटीच्या उदाहरणाने, पायरी-पायरीने

मेक्सिको सिटीचा फॉर्म्युला वन ट्रॅक, ऑटोड्रोमो एर्मानोस रॉड्रिगेझ, समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकाच्याही जवळपास ६०० मीटर वर या गाड्या ताशी साडेतीनशेच्या स्पीडने पळतात, ४.३०४ किलोमीटरचा एक लॅप असे ७१ लॅप. आपल्याकडे ही रेस रात्री दीडला लागते त्यामुळे बरेच जण सकाळी उठून रिझल्ट आणि हायलाइट्स बघतात, आणि हायलाइट्समधे नेमकं तेच दिसत नाही जे या रेसमधे सगळ्यात भारी असतं. म्हणून हे लिहायला घेतलं. टीमचे इंजिनियर या वीकेंडची तयारी कशी करतात, कुठे काय सोडतात, काय धरून ठेवतात हे आपण स्वतः आकडे मांडत बघू. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेक्सिकोचा विषय निघाला की सगळे मोठ्या विंगपासून, म्हणजे गाडीला जमिनीकडे दाबणाऱ्या पंखापासून, सुरुवात करतात आणि मग टॉप स्पीडवर येतात. मला तो क्रम पटत नाही. या ट्रॅकवर पहिला प्रश्न कूलिंगचा, आणि विंग, इंजिन, स्ट्रॅटेजी, अगदी पुढच्या गाडीच्या किती मागे राहायचं इथपर्यंतचे बाकीचे सगळे निर्णय त्याच्या मागून येतात. सिमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमवर, चालवणारे असाल किंवा कॉलेजच्या रेसिंग टीममधे असाल तरी हाच क्रम धरा.

पायरी १: आधी हवा मोजा

उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण घटतं असं बरेच जण समजतात. प्रमाण तेच राहतं, २१ टक्के. घटतो तो हवेचा दाब, त्यामुळे तेवढ्याच जागेत हवाच कमी मावते, आणि हवा कमी म्हणजे त्यातला ऑक्सिजनही कमी, विंगवर आदळायला हवा कमी, रेडिएटरमधून उष्णता वाहून न्यायला पण हवा कमी. एकच कारण आणि त्याचे परिणाम गाडीच्या प्रत्येक भागावर.

हिशोब असा: हवेचा दाब पास्कलमधे घ्या, त्याला २८७ गुणिले तापमान याने भागा. तापमान केल्विनमधे, म्हणजे सेल्सियसमधे २७३ मिळवायचे. मेक्सिको सिटीत दाब साधारण ७८० हेक्टोपास्कल, म्हणजे ७८,००० पास्कल. दुपारचं तापमान २२ अंश धरलं तर २९५ केल्विन. २८७ गुणिले २९५ बरोबर ८४,६६५, आणि ७८,००० भागिले ८४,६६५ म्हणजे ०.९२ किलो प्रति घनमीटर. तेच समुद्रसपाटीला १,०१,३२५ पास्कल धरून केलं तर १.२० येतं. दोन्हीचा भागाकार ०.७७. म्हणजे २३ टक्के हवा गायब. हा ०.७७ आकडा लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

दोन गोष्टी इथेच सांगतो कारण सिमवाले आणि कॉलेजवाले दोघंही इथे अडकतात. पहिली, मोबाइलच्या वेदर अ‍ॅपमधे जो दाब दिसतो तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे पुण्यात उभं राहून अ‍ॅप १,०१० दाखवेल पण तिथे खरा दाब साडेनऊशेच्या आसपास असतो. हिशोबाला तो खरा, जागेवरचा दाब लागतो. दुसरी गोष्ट तापमान. १२ अंश आणि २५ अंश यात घनतेचा फरक साडेचार टक्क्यांच्या जवळ जातो, त्यामुळे गार हवेतल्या सेशनमधे व्यवस्थित वाटलेलं कूलिंग कडक उन्हातल्या रेसला कमी पडू शकतं. म्हणून हिशोब रेसच्या दुपारचा करायचा, प्रॅक्टिसचा नाही.

पायरी २: गाडी किती उघडायची ते ठरवा

आता कूलिंग. रेडिएटरमधून जाणारी उष्णता ही तिथून किती किलो हवा जाते यावर ठरते, किती लिटर जाते यावर नाही. त्याच स्पीडला हवा ०.७७ पट, तर तेवढीच किलो हवा न्यायला १ भागिले ०.७७ म्हणजे जवळपास १.३ पट मोठी वाट हवी. प्रत्यक्षात उष्णता सोडण्याचं गणित एवढं सरळ नसतं, पण अंदाजाला ३० टक्के पकडा.

ती वाट कुठे मिळते? टीम सहसा आत जाणारं तोंड फारसं बदलत नाहीत, बाहेर पडायची जागा वाढवतात. मेक्सिकोच्या गुरुवारी किंवा शुक्रवारी पिट लेनमधून गाड्यांचे फोटो येतात ते नीट झूम करून बघा. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना, इंजिन कव्हरच्या वर माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी कापलेल्या दिसतील, त्यांना लूव्हर म्हणतात, आणि गाडीच्या शेपटाकडे जिथे बॉडी निमुळती होत जाते तिथे एरवीपेक्षा मोठं भोक सोडलेलं दिसेल. त्याच टीमचा मोंझाचा, म्हणजे इटलीतल्या सखल भागातल्या ट्रॅकचा, फोटो शेजारी ठेवून तुलना करा, कूलिंगचा प्रश्न किती मोठा आहे ते एका नजरेत कळेल.

या फटी फुकट मिळत नाहीत. आतून बाहेर पडणारी गरम हवा मागच्या विंगकडे आणि फ्लोअरच्या वरच्या भागाकडे जाणारा प्रवाह बिघडवते, त्यातून डाउनफोर्स, म्हणजे हवेने गाडी खाली दाबण्याचा जोर, जातो, आणि तो आधीच २३ टक्के कमी आहे. म्हणजे टीमला निवड करावी लागते: गाडी जास्त उघडली तर क्वालिफाइंगला वेळ जातो, कमी उघडली तर रेसमधे दुसऱ्याच्या मागे अडकल्यावर तापमान चढतं आणि ड्रायव्हरला थांबून थांबून चालवावं लागतं. आणि क्वालिफाइंगनंतर सेटअप बदलता येत नाही, पार्क फर्मेचा नियम आहे, त्यामुळे शनिवारी घेतलेला निर्णय रविवारी गळ्यात पडतो.

इथे माझा सल्ला, सिम लीगमधे असा किंवा खऱ्या गाडीवर: पुढच्या रांगेतून सुटण्याची खात्री असेल तर थोडं बंद ठेवायला हरकत नाही, मोकळी हवा मिळणार आहे. दहाव्या-बाराव्या जागेवरून सुटणार असाल तर उघडी गाडीच घ्या, क्वालिफाइंगमधे एक जागा गेली तरी चालेल, कारण रेसभर तुम्ही दुसऱ्याची गरम आणि ढवळलेली हवा खाणार आहात.

पायरी ३: ब्रेक

लोकांचं याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे.

मेन स्ट्रेट १.२ किलोमीटरच्या आसपास, त्याच्या शेवटी गाडी साडेतीनशेच्या पुढे असते आणि पहिल्या वळणाला तिला शंभरच्या आसपास यायचं असतं. समुद्रसपाटीला ड्रायव्हरने नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी हवेचा अडथळाच गाडीला जोरात मागे खेचतो. मेक्सिकोत तो अडथळा २३ टक्क्यांनी कमी. शिवाय विरळ हवेमुळे गाडी स्ट्रेटच्या शेवटी एरवीपेक्षा जास्त स्पीडला पोचलेली असते. शिवाय डाउनफोर्स कमी म्हणून टायर लवकर लॉक होतात, ब्रेकिंग लांबतं. म्हणजे जे काम हवा करायची ते आता डिस्कला करायचंय, आणि ती डिस्क गार करायला मिळणारी हवा पण तीच, विरळ.

कार्बनच्या डिस्कचं तापमान जोरात ब्रेक लावल्यावर १,००० अंशांपर्यंत जातं. डिस्कच्या कडेला हजाराहून जास्त बारीक भोकं असतात, त्यातून हवा खेळते. तापमान सतत जास्त राहिलं तर कार्बनचं ऑक्सिडेशन सुरू होतं, म्हणजे डिस्क आणि पॅड झपाट्याने झिजायला लागतात, आणि ७१ लॅप पूर्ण होतील की नाही असा प्रश्न उभा राहतो.

उपाय दोन. पहिला, सगळ्यात मोठे ब्रेक डक्ट लावायचे, इथे वाद नाही. दुसरा उपाय ड्रायव्हरच्या पायात आहे: लिफ्ट अँड कोस्ट. रेसमधे रेडिओवर इंजिनियर हे सारखं सांगताना ऐकू येतं. ब्रेकच्या खुणेच्या पन्नास-शंभर मीटर आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, गाडी तशीच वाहू द्यायची आणि मग ब्रेक लावायचा. स्पीड थोडा आधीच उतरलेला असतो म्हणून डिस्कमधे जाणारी ऊर्जा कमी होते, आणि ऊर्जा स्पीडच्या वर्गाने वाढते त्यामुळे वरच्या स्पीडचे वीस-तीस किलोमीटर कमी झाले तरी फायदा मोठा असतो. पेट्रोल वाचतं ते वेगळं. लॅपमागे अगदी थोडा वेळ जातो. सिमवर सराव करायचा असेल तर आधी एकट्याने दहा लॅप फक्त पहिल्या आणि चौथ्या वळणाला लिफ्ट करून बघा, लॅप टाइममधे किती फरक पडतो ते लिहून ठेवा आणि मगच बाकीची वळणं घ्या. सगळीकडे एकदम सुरू केलं तर कुठे किती जातंय ते कळत नाही.

टीव्हीवर बघताना पण हे दिसतं. मागची गाडी स्ट्रेटवर पुढच्या गाडीच्या बरोबर मागे असते आणि मधेच अर्धी बाजूला सरकते, ओव्हरटेक करायचा काहीच इरादा नसताना. ती ब्रेकला आणि रेडिएटरला मोकळी हवा देतेय.

पायरी ४: इंजिन आणि टर्बो

साधं, टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढीच घेतं, त्यामुळे मेक्सिकोत त्याची ताकद सरळ २३ टक्क्यांच्या आसपास घटते. गंमत म्हणजे हवेचा अडथळाही तेवढाच घटतो, त्यामुळे अशा गाडीचा टॉप स्पीड जवळपास तोच राहतो, मार बसतो तो वळणातून बाहेर निघताना.

टर्बोचं वेगळं, तो हवा दाबून इंजिनात भरतो. २०१४ ते २०२५ च्या फॉर्म्युला वन इंजिनांना ताशी १०० किलो पेट्रोलची मर्यादा होती, म्हणजे ताकद पेट्रोलवर ठरायची. तेवढं पेट्रोल जाळण्यापुरती हवा टर्बोने आणून दिली की झालं, उंचीचा तोटा भरून निघतो. पण आणून देणं सोपं नाही. समजा इंजिनाला ३.५ बार दाबाची हवा हवीय, आकडा फक्त उदाहरणाला घेतलाय. समुद्रसपाटीला बाहेर १.०१३ बार, म्हणजे टर्बोने हवा साधारण ३.४५ पट दाबायची. मेक्सिकोत बाहेर ०.७८, म्हणजे ४.४९ पट. त्यासाठी टर्बो जास्त जोरात फिरवायला लागतो, आणि नियमात त्याला मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांची मर्यादा होती. ज्या कंपनीने छोटा टर्बो बनवला तिचा टर्बो त्या मर्यादेला आधी भिडणार, ज्यांचा मोठा त्यांना थोडी जागा उरणार. सीझनच्या आधी काढलेल्या डिझाइनचा फायदा-तोटा ऑक्टोबरात मेक्सिकोला कळतो.

आणि दाबली की हवा तापते. कॉम्प्रेसरची, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची, कार्यक्षमता ७५ टक्के धरून मी हिशोब केला तर ३.४५ पटीला बाहेर पडणारी हवा १९० अंशांच्या आसपास येते आणि ४.४९ पटीला २३० च्या वर. हे चाळीस अंश कोण काढणार? इंटरकूलर. त्याला गार करायला काय आहे? तीच विरळ हवा. म्हणून म्हटलं की इंजिनाचा प्रश्न पण शेवटी कूलिंगवरच येतो.

२०१७ साली हे फार स्पष्ट दिसलं. रेनॉचं इंजिन असलेल्या रिकार्डो, हुल्केनबर्ग आणि हार्टली यांच्या गाड्या पॉवर युनिटच्या बिघाडाने रेसमधून बाद झाल्या, आणि त्याच कंपनीच्या इंजिनावर वर्स्टापेन जिंकला. तो पुढे होता, मोकळ्या हवेत होता, आणि मोठी आघाडी असल्यामुळे टीमला इंजिनावरचा ताण कमी करता आला. पुढच्या वर्षी रेड बुलने रेनॉ इंजिनावरच ग्रिडची पहिली अख्खी रांग घेतली, रिकार्डो पहिला आणि वर्स्टापेन दुसरा. बाकीच्या ट्रॅकवर त्या इंजिनाला मर्सिडीज आणि फेरारीच्या ताकदीशी जमत नव्हतं, इथे ताकदीतलं अंतर आकसलं आणि रेड बुलची चांगली चेसिस वर आली.

२०२६ च्या नियमांनी गणित बदललंय. टर्बोला मोटरने फिरवणारं एमजीयू-एच युनिट काढून टाकलं, आणि मागच्या चाकांना मिळणारी इलेक्ट्रिक ताकद १२० वरून ३५० किलोवॅट केली. मोटरला श्वास लागत नाही त्यामुळे ताकदीचा तो हिस्सा उंचीने घटत नाही, पण टर्बोला झटपट फिरवून देणारा मदतनीस गेला म्हणून मंद वळणातून निघताना आणि स्टार्टला उशीर जाणवणार. बॅटरी आणि मोटर गार ठेवायला हवा लागतेच.

जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६५ च्या मेक्सिको ग्रां प्रीत होंडाने फॉर्म्युला वनमधली पहिली रेस जिंकली, रिची गिंथर पहिल्या लॅपपासून शेवटपर्यंत पुढे होता. तेव्हा टर्बो नव्हता, दीड लिटरची साधी इंजिनं. होंडाचे टीम मॅनेजर योशियो नाकामुरा यांनी विरळ हवेला योग्य असं पेट्रोल-हवेचं मिश्रण बसवण्यावर सगळा जोर दिला होता. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच गेलं तर मिश्रण जाड होतं, इंजिन गुदमरतं. ज्याने मिश्रण बरोबर बसवलं त्याचं इंजिन मोकळं पळालं. आणि १९७९ मधे दक्षिण आफ्रिकेच्या क्यालामीला, साधारण १,५०० मीटरवर, रेनॉच्या जाबुईने टर्बो गाडीची पहिली पोल पोझिशन, म्हणजे स्टार्टची पहिली जागा, काढली, बाकीच्यांची इंजिनं उंचीने दमली होती. १९८२ ला तिथेच प्रॉस्ट पंक्चरमुळे एक लॅप मागे पडून पुन्हा पुढे आला आणि जिंकला. टर्बोची खरी जाहिरात उंचावरच झाली.

पायरी ५: विंग आणि गाडीची उंची

आता विंग. सगळ्यात मोठी लावा, जी मोनॅकोला लावतात ती. कारण सरळ आहे, विंगचा तोटा म्हणजे हवेचा अडथळा, आणि तो इथे २३ टक्के स्वस्त झालाय. मोनॅकोची विंग लावूनही हातात येणारा डाउनफोर्स सगळ्यात छोटी विंग लावतात त्या मोंझाच्या जवळपास असतो, असं टीमवाले दरवर्षी सांगतात.

टॉप स्पीडचं गणित करून बघा. ताकद तीच राहिली तर टॉप स्पीड घनतेच्या घनमुळाच्या उलट प्रमाणात जातो. १ भागिले ०.७७ चं घनमूळ १.०९. म्हणजे ज्या विंगवर खाली ३३० जाते तीच गाडी इथे ३६० जाईल. २०१६ च्या रेसमधे बोटासच्या विल्यम्सची ३७२.५ नोंद झाली ती याच गणितातून, वर पुढच्या गाडीची ओढ, म्हणजे तिच्या मागे राहून कमी झालेला हवेचा अडथळा, मिळाली असेल ती वेगळी.

सिमवाले विसरतात ती गोष्ट म्हणजे राइड हाइट. डाउनफोर्स कमी म्हणजे स्ट्रेटवर गाडी कमी दबते, म्हणजे दुसऱ्या ट्रॅकची राइड हाइट तशीच ठेवली तर फ्लोअर जमिनीपासून उगाच वर राहतो. खाली आणा. स्प्रिंगही थोड्या मऊ करता येतात, आणि स्टेडियममधल्या मंद वळणांना, पूर्वी फोरो सोल म्हणायचे त्या भागात, मऊ मागची बाजू ट्रॅक्शन देते. माझ्या मते विंगच्या दोन क्लिकपेक्षा इथे जास्त वेळ मिळतो.

पायरी ६: टायर

थोडक्यात. ट्रॅक गुळगुळीत, वर्षभर फारसा वापरात नसतो, शुक्रवारी धुळीने भरलेला. डाउनफोर्स कमी म्हणून गाडी घसरते, घसरली की टायरचा पृष्ठभाग सोलवटतो, त्याला ग्रेनिंग म्हणतात. पुढचे टायर गरम व्हायला वेळ लागतो, मागचे जास्त तापतात. पहिल्या सेशनच्या लॅप टाइमवरून काही ठरवू नका, ट्रॅक रविवारपर्यंत खूप बदलतो. त्यातून बऱ्याच टीम इथल्या पहिल्या सेशनला नवख्या ड्रायव्हरला बसवतात, मुख्य ड्रायव्हरची तासाभराची माहिती तिथे जाते.

पायरी ७: माणसं

श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीला साधारण २१३ हेक्टोपास्कल, इथे १६४. हृदयाचे ठोके वाढतात, झोप नीट लागत नाही, डोकं दुखतं, हवा कोरडी म्हणून शरीरातलं पाणी कळायच्या आत कमी होतं. शरीर खऱ्या अर्थाने जुळवून घ्यायला आठवडे लागतात, आणि मेक्सिको बहुतेक वेळा ऑस्टिनच्या रेसनंतर लगेचच्या आठवड्यात असते, म्हणजे तेवढा वेळ कुणालाच नसतो. जमेल तेवढं लवकर पोचायचं, पहिले दोन दिवस व्यायाम हलका ठेवायचा, तहान लागायची वाट न बघता पाणी आणि क्षार घेत राहायचे, दारू टाळायची.

सगळं बोलणं ड्रायव्हरवर होतं, मेकॅनिकचा विचार फारसा कुणी करत नाही. तो उन्हात चाकं उचलतोय, हेल्मेट घालून पिट स्टॉप करतोय, रात्री उशिरापर्यंत इंजिन कव्हर बदलतोय. चांगली टीम या वीकेंडला पिट स्टॉपचा सराव छोट्या तुकड्यांत करते आणि मधे विश्रांती देते.

पायरी ८: रविवार

पोलवरून पहिल्या ब्रेकिंगपर्यंत आठशे मीटरहून जास्त अंतर. मागच्याला ओढ मिळते, म्हणून इथे पोल म्हणजे पुढे राहण्याची खात्री नाही. २०२१ ला बोटास पोलवर होता आणि तिसऱ्या जागेवरून वर्स्टापेनने बाहेरून ब्रेक उशिरा लावत दोन्ही मर्सिडीज मागे टाकल्या. २०२३ ला लेक्लेर पोलवर, पहिल्या वळणाला पुन्हा वर्स्टापेन. २०२४ ला साइन्झची आघाडी अशीच गेली, पण त्याने नवव्या लॅपला ती परत घेतली आणि रेस जिंकली.

एकदा रांग लागली की मात्र ओव्हरटेक अवघड. स्ट्रेट लांब आहे, पण हवेचा अडथळा मुळातच कमी असल्यामुळे २०२५ पर्यंतच्या डीआरएसने, म्हणजे मागची विंग उघडून, मिळणारा फायदाही कमीच असायचा, आणि जवळ राहिलं की तापमान चढतं. त्यामुळे स्ट्रॅटेजीवाल्यांचा विचार असा चालतो: दोन-तीन लॅप जवळ राहून हल्ला करा, नाही जमलं तर दोन सेकंद मागे या, ब्रेक आणि इंजिन गार करा, पुन्हा जा. सतत एका सेकंदात चिकटून राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय. आणि एक स्टॉप की दोन, तर ट्रॅकवर जागा परत मिळवणं महाग असल्यामुळे शक्यतो एकच.

२०२२ ची रेस यासाठी जरूर बघा. वर्स्टापेन सॉफ्ट टायरवर (सगळ्यात मऊ, जास्त पकड पण लवकर झिजणारे) सुटला, मग मधले मीडियम घेतले आणि तेच शेवटपर्यंत ओढले. हॅमिल्टन मीडियमवर सुटला आणि सगळ्यात टणक हार्ड घेतले. मर्सिडीजला वाटत होतं मीडियम एवढे टिकणार नाहीत, पण पुढे मोकळ्या हवेत असलेल्या गाडीचे टायर टिकले आणि हार्डला पकडच आली नाही. त्या एका निर्णयात रेस ठरली.

आपल्याकडे याचा उपयोग कुठे

पुण्यातल्या कार्ट आणि कॉलेजच्या गाड्या ५६० मीटरच्या आसपास ट्यून होतात. तिथला दाब चेन्नईपेक्षा साधारण साडेसहा टक्के कमी. कार्ब्युरेटर असलेली गाडी पुण्यात बरोबर बसवून तशीच चेन्नईच्या ट्रॅकला नेली तर तिला हवा जास्त मिळते, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण उंचावरच्या जाड मिश्रणापेक्षा जास्त धोक्याचं, कारण जाड असेल तर गाडी नुसती मंद चालते आणि काळा धूर टाकते, पातळ असेल तर इंजिन तापतं आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होतो. घाट उतरून समुद्राकडे जाताना एक-दोन नंबर मोठे जेट (कार्ब्युरेटरमधे पेट्रोल सोडणारं भोकाचं नोजल) सोबत ठेवा, पहिली रन मोठ्या जेटवर घ्या, प्लगचा रंग बघा आणि मगच लहान जेटवर या. लडाखला जुनी कार्ब्युरेटरची बाइक नेणाऱ्यांनी याच्या बरोबर उलट करायचं, लहान जेट. इंजेक्शनच्या बाइकमधे सेन्सर दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करतो, तिथे जेटला हात लावायचा प्रश्नच नाही, पण गेलेली ताकद तो परत आणू शकत नाही. ओव्हरटेकला एरवीपेक्षा बरीच जास्त जागा सोडा आणि लांब उतारावर इंजिन ब्रेकिंगवर उतरा, कारण तिथेही ब्रेक गार करायला हीच विरळ हवा आहे.